अहवाल जनुकांचा, प्रश्न कामाचा : आनुवंशिक चाचण्यांच्या काळात आपले स्वप्न कसे जपावे

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे साडेपाचपासूनच पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुलामुलींची गर्दी होऊ लागते. मागच्या डिसेंबरात अशाच एका पहाटे सुरगाणा तालुक्यातून आलेली एक मुलगी बूट हातात घेऊन कठड्यावर बसून राहिली होती आणि तिच्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये रक्ततपासणीचा एकच कागद होता. हिमोग्लोबिन ए 58 टक्के, हिमोग्लोबिन एस 36 टक्के, आणि खाली ‘सिकलसेल ट्रेट’, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक, असा शेरा. आदल्या आठवड्यापर्यंत ती 800 मीटर अंतर तीन मिनिटांच्या आत धावत होती. कागद पाहिल्यावर एका प्रशिक्षण वर्गातल्या शिक्षकांनी तिला सांगितले की, तुझ्या रक्तातच दोष आहे, तेव्हा भरतीचा नाद सोड. तिचे पाय तेच होते, दमही तोच होता. बदलली होती ती तिच्याकडे पाहणाऱ्यांची नजर.

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतून शिकायला शहरात येणाऱ्या मुलांना मी गेली अनेक वर्षे मार्गदर्शन करते. जनुकांवरून माणसाची पात्रता ठरवणारा समाज ही पुढच्या शतकातली कल्पना आहे असे अनेकांना वाटते, परंतु आदिवासी पट्ट्यातल्या मुलांच्या वाट्याला तो समाज आताच आलेला आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. ही तपासणी आवश्यक आहे आणि तिच्यामुळे जीव वाचतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ज्यांच्या हातात हा कागद पडतो, त्यांना पुढे काय करायचे हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे. सिकलसेलच्या जागी थॅलेसेमिया, रंगांधता किंवा उद्या येणारी आणखी कोणतीही जनुकीय नोंद ठेवली, तरी मार्ग बहुतांशी हाच राहील.

आधी कागद नीट वाचून घ्यावा

बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या जनुकात एका ठिकाणी बदल झाल्यामुळे त्या प्रथिनातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. सिकलसेलचे मूळ एवढेच आहे. हा बदल आई आणि वडील या दोघांकडूनही आला असेल, तर माणूस ‘ग्रस्त’ असतो. एकाकडूनच आला असेल, तर तो ‘वाहक’ असतो. वाहकाच्या रक्तात ए हे सामान्य हिमोग्लोबिन बदललेल्या एसपेक्षा जास्त असते आणि त्याचे रोजचे आयुष्य सामान्यतः इतरांसारखेच जाते. गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त एस आहे की नाही एवढेच सांगते; वाहक की ग्रस्त हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. तरीही ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांवर मुलींची लग्ने मोडलेली आणि मुलांनी शाळा सोडलेली मी पाहिली आहे. म्हणून पहिले काम असे की, पक्की तपासणी होईपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नये, कोणाला घेऊ देऊ नये, आणि अहवाल आल्यावर तो जाणकार डॉक्टरांकडून समजावून घ्यावा. सिकलसेलसोबत थॅलेसेमियाचा जनुक आला असेल, तर आकड्यांचा अर्थ बदलतो, त्यामुळे आकडे पाहून स्वतःच निदान करण्याचा मोह टाळावा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. मी वाहक आहे की ग्रस्त? माझ्या शरीरावर आज याचा परिणाम दिसतो का? मला जे काम करायचे आहे, त्यात कोणती काळजी घ्यावी लागेल? यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे, कारण पुढे तुमच्या बाजूने बोलणार आहे तो हाच कागद.

संस्थेला कामाविषयी बोलायला लावावे

या मार्गदर्शनाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. जनुकीय नोंद शक्यता सांगते. नोकरीला किंवा अभ्यासक्रमाला लागते ती क्षमता. भेदभाव करणारा माणूस या दोन गोष्टींची गल्लत करतो, अनेकदा दुष्टपणाने नव्हे तर भीतीने, आणि ती गल्लत त्याला दाखवून देण्याचे काम दुर्दैवाने आपल्यालाच करावे लागते. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत सिकलसेलच्या वाहकांना प्रवेशबंदी होती आणि ती 1981 साली उठली. तिच्या मुळाशीही वाहकाला रोगी समजण्याचीच चूक होती.

आपल्या न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत हाच फरक स्पष्ट केला आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराला रंगांधतेमुळे प्रवेश नाकारला गेला होता. उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही, पण एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सरसकट बंदी अमान्य केली आणि संस्थेने आपल्या अभ्यासक्रमात आवश्यक त्या सोयी कराव्यात असे सांगितले. ऑक्टोबर 2024 मध्ये स्नायूंच्या आनुवंशिक विकाराने 88 टक्के अपंगत्व आलेल्या विद्यार्थ्याला याच न्यायालयाने एमबीबीएसचा मार्ग मोकळा करून दिला. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने म्हटले की, अपंगत्वाच्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम ती व्यक्ती पूर्ण करू शकते का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे. ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे त्यांनी या निकालांच्या प्रती फाइलमध्ये ठेवाव्यात.

प्रत्यक्षात हे असे करावे. ज्या पदासाठी अर्ज करायचा त्याचे वैद्यकीय निकष जाहिरातीत किंवा सेवाप्रवेश नियमांत दिलेले असतात; ते अर्ज करण्यापूर्वीच वाचावेत. निकषात तुमच्या नोंदीचा उल्लेखच नसेल, तर कोणाच्या तोंडी सांगण्यावरून माघार घेऊ नये. उल्लेख असेल, तर तो ग्रस्तांबद्दल आहे की वाहकांबद्दल, हे शब्दन् शब्द तपासावे. नकार मिळालाच तर शांतपणे एवढेच म्हणावे की, कारण लेखी द्यावे आणि ते कोणत्या नियमानुसार आहे ते नमूद करावे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही व शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सरकारी कार्यालय उत्तर देत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. सामान्यतः 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सैन्यदलांच्या भरतीत वैद्यकीय नकारानंतर अपिलाच्या मंडळाकडे जाता येते, पण मुदत थोडी असते आणि ती उलटली की गाऱ्हाणे कितीही खरे असले तरी दार बंद होते. लष्करी छावणी असलेल्या देवळालीच्या आसपास राहणाऱ्या मुलांनाही ही गोष्ट बहुतेकदा उशिरा कळते, याचे मला फार वाईट वाटते.

कायदा कुठे साथ देतो आणि कुठे देत नाही

जनुकीय भेदभावाला थेट मनाई करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेने असा कायदा 2008 मध्ये केला, पण आयुर्विमा त्याच्या कक्षेबाहेर ठेवला. कॅनडाने 2017 मध्ये केला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 या कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही रक्तविकार आहेत. त्यामुळे ग्रस्त व्यक्तीने अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) अवश्य काढावे. प्रमाण 40 टक्के किंवा अधिक असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो. सरकारी नोकरीत दिव्यांग म्हणून भेदभाव करण्यास कलम 20 मनाई करते. मात्र सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या कलमात रक्तविकारांचा स्वतंत्र उल्लेख नाही, हे माहीत नसल्यामुळे अनेक मुले चुकीच्या प्रवर्गातून अर्ज भरतात आणि अख्खे वर्ष गमावतात.

वाहकाची अडचण वेगळी आहे. तो रोगी नसल्यामुळे या कायद्याचे संरक्षण त्याला मिळत नाही, आणि समाज त्याला निरोगीही मानत नाही. त्याच्या हाती उरतात ती संविधानातील समानतेची कलमे, 14 आणि सरकारी नोकरीसाठी 16. ती कोरडी वाटतात, पण लेखी नकाराचा कागद जवळ असेल तर त्यांच्या आधारे दाद मागता येते. वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नाशिकला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

विम्याबाबत थोडक्यात सांगते. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून सर्व जनुकीय विकार सरसकट वगळणे भेदभावाचे ठरवले आणि त्यानंतर विमा नियामकानेही कंपन्यांना तशा सूचना दिल्या. अर्जात माहिती लपवू नये, कारण नंतर त्याच कारणाने दावा नाकारला जातो. मात्र जेवढे विचारले आहे तेवढ्याचेच नेमके उत्तर द्यावे. ‘आजार आहे का’ या प्रश्नाला वाहकाचे खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘जनुकीय तपासणीत काही आढळले का’ असे विचारले असेल, तर ‘सिकलसेल वाहक, लक्षणे नाहीत’ असे लिहून डॉक्टरांचे पत्र जोडावे. एजंटला कोरा फॉर्म सही करून देऊ नये.

नमुना देण्यापूर्वी

येत्या काळात सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात रुजू होताना किंवा महाविद्यालयात प्रवेश घेताना संपूर्ण जनुकीय तपासणी मागितली जाणे अशक्य नाही, कारण ती वर्षागणिक स्वस्त होत आहे. तेव्हा रक्त किंवा लाळ देण्यापूर्वी विचारावे की नेमके काय तपासले जाणार आहे, कोणत्या कामासाठी, अहवाल कोण पाहणार आणि नमुन्याचे पुढे काय होणार. संमतिपत्र मराठीत मागावे. समजले नाही तर सही करू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे आणि सांगितलेल्या कामापुरतीच माहिती वापरावी हे त्याचे मुख्य तत्त्व आहे. ‘तुम्हाला अमुक आजाराचा धोका इतके टक्के’ असे सांगणारे जनुकीय गुणांक समोर आले, तर आणखी एक प्रश्न विचारावा : हे गणित कोणत्या लोकांच्या माहितीवर बांधले आहे? अशा गुणांकांचा पाया बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, त्यामुळे कोकणा, वारली किंवा महादेव कोळी समाजातल्या मुलाला ते कितपत लागू पडतात हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे. भारतीयांच्या 10,000 जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखड्यांचा, जीनोम इंडिया प्रकल्प ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने चांगली सुरुवात आहे, पण सुरुवातच.

शरीराची काळजी म्हणजे कमकुवतपणाची कबुली नव्हे

हक्काच्या भांडणात शरीराकडे दुर्लक्ष होऊ नये. सिकलसेलच्या वाहकाने कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम टोकाचे श्रम केले, तर क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो; उंच डोंगरावरच्या विरळ हवेतही जपावे लागते. म्हणून सराव हळूहळू वाढवावा, एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या उन्हात सकाळी आठनंतर धावू नये, तहान लागण्याआधी पाणी प्यावे, आणि स्नायू अचानक दुखू लागले किंवा पाय लटपटले तर फेरी अर्धवट सोडून सावलीत बसावे. प्रशिक्षकाला हे आधीच सांगून ठेवावे. लपवण्याने नोकरी वाचते असे वाटते, पण मैदानावर कोसळल्यावर आपल्याला नेमके काय झाले हे सांगणारे कोणी जवळ नसेल, तर ती लपवाछपवी जिवावर बेतू शकते. ग्रस्त व्यक्तीने मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असा सराव सुरूच करू नये. औषधे नियमित घेऊन ज्ञानाची, कौशल्याची असंख्य कामे तिला करता येतात. नाशिकजवळ गोवर्धनला मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी घेता येते, आणि वेदनेचे दिवस सांभाळत ती पदवी पूर्ण केलेली मुले मी पाहिली आहेत.

त्या मुलीच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये आता चार कागद आहेत : एचपीएलसीचा मूळ अहवाल, ‘वाहक, धावण्यास व शारीरिक चाचणीस हरकत नाही’ असे डॉक्टरांचे पत्र, भरतीच्या निकषांची प्रत, आणि प्रशिक्षण वर्गाला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच. या अर्जात तिने एवढेच विचारले होते की, मला सरावाला बसू न देण्याचे कारण लेखी द्यावे. कारण त्यांना देता आले नाही आणि दुसऱ्या सोमवारपासून तिला परत बोलावले गेले. ती पुन्हा पहाटे मैदानावर येते, फाइल आणि पाण्याची मोठी बाटली कठड्यावर ठेवते, आणि दर दोन फेऱ्यांनंतर थांबून पाणी पिते.