स्टीलची ट्रॉली घेताना आधी चाकं बघा

ट्रॉली घ्यायला गेलं की नजर जाते ती चकचकीत कप्प्यांवर. मीही पहिली ट्रॉली तशीच घेतली. कप्पे अजून ठणठणीत आहेत, पण एक चाक जाम झालं, सरळ ढकलली तरी गाडी डावीकडे ओढायला लागली आणि शेवटी भिंतीला टेकून सामान ठेवायचं टेबल होऊन बसली. तेव्हापासून ट्रॉली बघताना मी पहिल्यांदा खाली वाकतो.

घ्यायच्या आधी टेप काढा. वाटेतलं सगळ्यात अरुंद दार मोजा, तेही दार पूर्ण उघडून. उघडलेलं दारही चौकटीतली जागा खातं, हे मोजताना हमखास विसरतं. ट्रॉलीची रुंदी हँडल आणि कोपऱ्यांचे रबर धरून मोजायची. एका खेपेत जास्तीत जास्त किती वजन जाणार, याचाही खरा आकडा मनाशी ठेवा.

चाकं

चार चाकं म्हणजे वजन चारांत वाटलं जातं, हा हिशोब कागदावरच बरा. फरशी जरा वरखाली असली की एक चाक अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. म्हणून भागायचं तिनाने. ट्रॉली २० किलोची आणि सामान १०० किलो, तर एकूण १२०. म्हणजे प्रत्येक चाक किमान ४० किलो पेलणारं हवं.

व्यास जितका मोठा तितका उंबरा, लिफ्टची फट, फरशीची सांध सहज पार होते. ४ इंची चाक गुळगुळीत फरशीवर चालून जातं. उंबरे असतील तर ५ इंचीच घ्या. रबराचं चाक आवाज करत नाही. नायलॉनचं वजन पेलतं, पण टाइल्सवर खडखडाट करतं. पॉलियुरेथेनचं या दोघांच्या मधलं, आणि माझं मत त्यालाच. लांब, सरळ वाट असेल तर दोन फिक्स आणि दोन फिरती चाकं; अडचणीच्या जागेत चारही फिरती. ब्रेक निदान दोन चाकांना असावेत.

मग चाक हातात धरून हलवून बघा. नव्या ट्रॉलीचं चाक खुळखुळत असेल, तर ती तिथेच सोडा. ओल्या जागेत वापरायची असेल तर चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटाही स्टेनलेसचाच मागा. नाहीतर वर स्टील लखलखतं आणि खाली मुलामा दिलेलं लोखंड गंजून फरशीवर तांबडे ओघळ सोडतं.

पत्रा आणि जोड

स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण ओलाव्यात लवकर डागाळतं. चुंबक लावून ग्रेड ओळखायची युक्ती अर्धीच खरी आहे. ४३० ग्रेडला चुंबक चिकटतं, पण २०२ लाही ते ३०४ सारखंच चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ सुद्धा वाकवलेल्या काठाशी चुंबकाला किंचित ओढतं. त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घ्या. मिठाचं पाणी किंवा क्लोरीनशी रोजचा संबंध असेल तर मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्यावं. कोरड्या खोलीत फायली न्यायच्या असतील तर एवढा खर्च कशाला?

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज सुमारे ०.९. कप्प्याच्या मधोमध तळहाताने दाबा. डब्याच्या झाकणासारखा ‘टक्’ करून आत गेला, तर खाली आधारपट्टी नाही. काठाच्या खालून हातरुमाल फिरवा. तो जिथे अडकेल तिथे उद्या बोट कापेल. वेल्डिंगचा सांगाडा नट-बोल्टच्यापेक्षा टिकाऊ. बोल्टचा घेतलात तर पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा आवळा.

घरी आणल्यावर

वरचं प्लास्टिक लगेच काढा. राहू दिलं की त्याचा गोंद वाळतो आणि निघता निघत नाही. रोज सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, मग साधं पाणी आणि शेवटी कोरडं पुसणं. फडकं पत्र्यावरच्या बारीक रेषांच्या दिशेनेच फिरवायचं.

स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर. ब्लीच, टॉयलेट क्लीनर आणि साचलेलं खारट पाणी त्यालाच पोखरतात. लोखंडी तारेचा काथ्या तर दुहेरी घात करतो: ओरखडे पाडतो आणि लोखंडाचे कण मागे ठेवतो. ‘स्टेनलेस असून गंजलं’ म्हणतात, तो गंज बहुतेकदा या कणांचा. खाण्याच्या सोड्याची पेस्ट मऊ फडक्याने चोळली की असा वरवरचा डाग निघतो. नख अडकेल असा खड्डा पडला असेल, तर तिथे गंज पुन्हा येणारच. ती जागा कायम कोरडी ठेवा.

महिन्यातून एकदा ट्रॉली जुन्या चादरीवर उलटी करा. चाकाच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळून घट्ट कडं झालेलं दिसेल. ब्लेडने ते उभं चिरा आणि चिमट्याने ओढा. काळी लड निघते. मग बेअरिंगला थोडं ग्रीस लावा. पातळ तेल ओघळतं आणि धूळ धरतं. जड सामान खालच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर वळणावर गाडी कलंडते.

चाक बदलायचं झालं तर शेजारचंही बदला. झिजलेलं चाक लहान झालेलं असतं, त्यामुळे गाडी डुगडुगते. दुकानात जाताना जुनं चाक बरोबर न्या. भिंतीला टेकलेल्या त्या ट्रॉलीची चाकं मी अखेर बदलली, पण बोल्टचे आटे जुळेपर्यंत माझ्या तीन चकरा झाल्या.