ॲम्बेसेडरचा सेल्फ उचलत नाही? या चुका टाळा

गाडीनं 'टक' केलं नि गप्प बसली, की पहिला पाना सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरच्या, बोल्टाला लागतो. आर्वीकडं जुन्या गाड्या दुरुस्त करताना हे इतक्यांदा पाहिलं, की आता राग येतो. बिचाऱ्या सेल्फपर्यंत करंट पोचतो का, हे कोणी बघतच नाही.

मागं मे महिन्यात एका काकाजींची पेट्रोल ॲम्बेसेडर आली. घरी लग्न, आणि नवरदेव याच गाडीतून निघणार. आधीच्या गॅरेजात सेल्फ दोनदा खोलून झाला होता. बुश नवे, कार्बन नवे, बॅटरीसुद्धा नवी. "आता अजून काय बदलू बाप्पा?" काकाजी रडकुंडीला आले होते.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून मी कॉइलची बारीक वायर काढली आणि पोराला सेल्फ मारायला लावला. बॅटरीच्या दोन खुंटांवर 11.4 व्होल्ट. सेल्फच्या टर्मिनलपासून त्याच्याच बॉडीपर्यंत मात्र 8.6. मधले 2.8 कुठं गेले? पॉझिटिव्हच्या केबलीत 0.3, आणि उरलेले 2.5 अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायच्या वाटेत. तेवढ्यात चोकच्या केबलीला हात लागला, तर चटकाच बसला.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं. सेल्फचा दीडशे-दोनशे अँपिअर करंट बॉडीकडं परत जातो तो तांब्याच्या विणलेल्या पट्टीतून. गाडी रंगवताना कोणीतरी ती पट्टी रंगावरच आवळली होती. वाट बंद झाली म्हणून करंट चोकच्या केबलीतून जात होता. रंग खरवडला, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत केलं, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला. पहिल्या झटक्यात इंजिन फिरलं. काकाजींचे सेल्फ-बॅटरीचे पैसे मात्र फुकट गेले.

म्हणून मीटर लावायचा तो सेल्फ मारत असतानाच. पॉझिटिव्ह बाजूनं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त, किंवा अर्थिंगला 0.3 पेक्षा जास्त पडला, तर आधी ते जोड साफ करा. उभ्या गाडीत 12.6 दिसले म्हणून बॅटरी चांगली, हेही खरं नाही. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर ती चार्ज करून पुन्हा तपासा. आपल्याकडच्या उन्हात पाणी लवकर आटतं. मी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघतो.

टर्मिनल नुसतं घट्ट करू नका, काढून आतून घासा. जाड रबराला भुलून केबल घेऊ नका, आत तांबं किती ते बघा. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) शॉर्ट करणं मी माझ्या पोरांना साफ मना केलंय. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते. नव्या पोरांना तीच युक्ती आधी शिकायची असते. मीटर धरायला सांगितलं की कंटाळतात.

सेल्फवर 10 च्या वर व्होल्ट मिळूनही तो ढिम्म राहिला, तर मग बोल्टाला पाना लावा.