पीसीएम स्लरीने मायक्रोचॅनेल हीट सिंक थंड करायचंय? आधी हा हिशोब करा

पीसीएम स्लरी म्हणजे वितळताना उष्णता खाणाऱ्या मेणाच्या बारीक कवचबंद कॅप्सूल मिसळलेलं पाणी, आणि मायक्रोचॅनेल हीट सिंक म्हणजे अगदी बारीक नाल्यांमधून द्रव फिरवून उष्णता काढणारा ठोकळा. पंप-बिंप मागवायच्या आधी कागद घ्या, कारण बऱ्याचदा तिथेच कळतं की साधं पाणीच बरं होतं.

ऑक्टाडेकेन हे पॅराफिन मेण साधारण २८ डिग्रीला वितळतं आणि वितळताना किलोमागे २४० किलोज्युलच्या आसपास उष्णता खातं. पाण्यात वजनाने १० टक्के टाकलं की स्लरीच्या प्रत्येक किलोला २४ किलोज्युल जास्तीचे मिळाले. पाणी डिग्रीमागे ४.२ घेतंच. म्हणजे इनलेट ते आउटलेट ६ डिग्रीच वाढणार असेल तर क्षमता जवळपास दुप्पट, पण २० डिग्री वाढणार असेल तर फायदा जेमतेम पाव. त्यातून कॅप्सूलच्या कवचाचं वजन वजा करा, ते वितळत नाही.

त्यामुळे इनलेटचं तापमान वितळणबिंदूच्या एक-दोन डिग्री खाली ठेवायचं. फार खाली ठेवलं तर निम्मा चॅनेल नुसता गरम होण्यात जातो, वर गेलं तर मेण आधीच वितळलेलं, मग तुम्ही फक्त घट्ट पाणी ढकलताय, तेही उष्णता कमी वाहून नेणारं, कारण पॅराफिनची कंडक्टिव्हिटी पाण्याच्या एक तृतीयांशही नसते. थंड करायची बाजू तेवढी खाली जातच नसेल तर आयकोसेन घ्या, ते ३६-३७ला वितळतं.

कॅप्सूल चॅनेलच्या रुंदीच्या विसाव्या भागाहून लहान हवी, नाहीतर चोकअप ठरलेलंच. ५ मायक्रॉनची कॅप्सूल गरम पाण्यात मिलिसेकंदाच्या आतच वितळते, ती अडचण नाही. अडचण आहे भिंतीची उष्णता मधल्या प्रवाहापर्यंत पोचायची. २०० मायक्रॉन रुंद चॅनेलमध्ये त्याला सेकंदाचे काही शतांश लागतात, आणि २ सेंटीमीटरचा चॅनेल स्लरी १ मीटर प्रति सेकंद वेगाने ०.०२ सेकंदात पार करते, म्हणजे मधलं मेण घट्टच्या घट्ट बाहेर! अशा वेळी वेग कमी करा किंवा चॅनेल अरुंद घ्या, आणखी मेण ओतून काही होत नाही. उलट घनफळाने २० टक्क्यांना चिकटपणा पाण्याच्या दुपटीवर जातो आणि तेवढ्याच फ्लोला प्रेशर ड्रॉपही दुप्पट.

परत गोठवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बारीक कॅप्सूलमधलं मेण २८ला गोठत नाही, बरंच खाली जावं लागतं, नाहीतर दुसऱ्या फेरीत ते द्रवच राहतं आणि तुमचा सगळा हिशोब बोंबलतो. कॅप्सूल बनवतानाच मेणात थोडं ऑक्टाडेकॅनॉल मिसळलेलं असलं तर गोठणं लवकर सुरू होतं.

गिअर पंप टाळा, दातांमध्ये कवच चिरडतं, पेरिस्टाल्टिक (नळी दाबत द्रव पुढे ढकलणारा) बरा. मेण पाण्याहून हलकं, बंद ठेवलं की वर तरंगतं, म्हणून सुरू करायच्या आधी टाकी ढवळा.

आणि पाण्याशी तुलना करताना फ्लो सारखा ठेवू नका, पंपाची पॉवर सारखी ठेवा. सारख्या फ्लोवर स्लरी छानच दिसते, पण चिकटपणाचं बिल पंप भरत असतो.