फ्रान्झ सेल लावण्याआधी

मागच्या वेळी सहा सेल, चोवीस तास आणि मुश्किलीने मिळवलेली डुकराच्या कानाची कातडी वाया गेली, म्हणून हे लिहून ठेवतेय. फ्रान्झ सेल म्हणजे पॅचमधलं औषध कातडीतून किती पार होतं ते मोजायचं काचेचं भांडं: वर पॅच, मध्ये कातडी, खाली बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. कारण एकच, बफरमधली हवा काढली नव्हती.

तर पहिलं काम तेच. 7.4 पीएचचा फॉस्फेट बफर गाळा आणि व्हॅक्यूम लावून सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी द्रव हलवणारं यंत्र) ठेवा. फ्रिजमधला बफर तसाच ओतू नका. गार पाण्यात हवा जास्त विरघळते, सेलमध्ये तापली की सुटते आणि वर येऊन नेमकी कातडीच्या खाली बसते. सेलचं तोंड 9 मिमी आणि बुडबुडा 5 मिमीचा असला, तर तीस टक्के जागा बंद. सहा तासांनंतर माझा फ्लक्स, म्हणजे कातडीतून औषध पार होण्याचा वेग, घसरत गेला आणि मी दोन दिवस पॅचच्या चिकट थरात चूक शोधली.

पॅचची जाडी, वजन नेहमीसारखं. पण आठवडाभर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघाच. औषधाचे स्फटिक झाले असतील तर तो पॅच बाद, कारण विरघळलेलं औषधच कातडीत शिरतं. 2008 मध्ये अमेरिकेत रोटिगोटिन या पार्किन्सनवरच्या औषधाचे पॅच परत मागवावे लागले ते स्फटिकांमुळेच.

कत्तलखान्यात गरम पाण्यात बुडवण्याआधीचाच कान मागा. बुडवला की वरचा थर सुटतो, आणि औषधाला अडवतो तो नेमका तोच थर. केस कात्रीने कापा, वस्तरा नको. कातडीचा विद्युतरोध मोजा, कमी भरली ती टाकून द्या. जॅकेटचं, म्हणजे सेलभोवतीच्या आवरणातलं, पाणी 37 अंशांवर ठेवा, पण कातडीवर 32 आहे का ते तिथेच मोजा.

बफर भरताना सेल तिरका धरा, घाई करू नका. भरून झाला की उजेडात धरून खालून बघा. बुडबुडा दिसला तर सेल कलवून सॅम्पलिंगच्या नळीकडे न्या आणि बाहेर काढा. प्रत्येक सॅम्पलनंतर पुन्हा बघा. जेवढं काढलं तेवढंच भरायचं, आणि तो बफरही हवा काढलेला आणि तापवलेलाच हवा. सकाळी हवा काढून ठेवलेली बाटली रात्रीपर्यंत चालत नाही, पुन्हा काढा.

बाटल्यांवर नावं, एचपीएलसीची (सॅम्पलमधलं औषध मोजणारं यंत्र) वेळ. शेवटी कातडीत आणि पॅचमध्ये उरलेलं औषध मोजून बेरीज जुळवा. रात्री दोनच्या सॅम्पलला टॉर्च जवळ ठेवा, ट्यूबलाइटच्या उजेडात बुडबुडा दिसत नाही.