क्लास न लावता भाषा शिकायचीय? मग तग धरणाऱ्या माणसांच्या गोष्टी वाचा

स्वतःची स्वतः भाषा शिकणाऱ्यांचं गाडं बहुतेक एकाच ठिकाणी अडतं, ॲपवरचे धडे संपतात, नाव-गाव-पत्ता सांगता येतो, सोपी वाक्यं जमतात आणि पुढं काय करायचं हे सांगायला कुणी नसतं. तिथं सरळ कादंबरी हातात घ्या. पण कुठलीही नको, संकटात एकटा सापडलेला माणूस कसा तग धरतो असल्या गोष्टीची घ्या.

कारण अशा गोष्टीत माणसं कमी, जागा एकच आणि वस्तू मोजक्या, त्यामुळं दोर, पाणी, आग, जखम, थंडी हेच शब्द फिरून फिरून येतात आणि पाठ न करता डोक्यात बसतात. चार पिढ्यांच्या कादंबरीत नुसतं कोण कुणाचा काका हे लक्षात ठेवण्यात जीव जातो. शिवाय एकटा माणूस मनातल्या मनात सारखा बोलत असतो, 'तेव्हाच निघालो असतो तर', 'आता हे करावंच लागेल', 'उद्या वारा पडेल बहुतेक', म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकात जे धडे आपण हळूच उलटून टाकतो नेमकी तीच वाक्यं इथं पानोपानी भेटतात. आणि तो वाचणार की नाही हे कळायचं असतं म्हणून आपणही वाचत राहतो!

आता पुस्तक निवडायचं कसं, तर मधलं कुठलंही पान उघडा आणि साधारण 100 शब्द वाचून बघा. भाषाअभ्यासक पॉल नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. सुरुवातीला एवढं कुणाचंच जमत नाही, पाच-सहा अडले तरी चालवून घ्या, पण दहाच्या वर गेले तर ते पुस्तक बाजूला ठेवा आणि शिकणाऱ्यांसाठी सोपी केलेली आवृत्ती बघा, त्यात कमीपणा काही नाही.

नावाला भुलू नका हेही सांगतो. इंग्रजी शिकणारे 'रॉबिन्सन क्रूसो' उचलतात, पण ते 1719 सालचं आहे, वाक्यं लांबच लांब, अर्ध्यात पोचेपर्यंत सुरुवात विसरते. त्यापेक्षा हेमिंग्वेचं 1952 सालचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' बरं, छोटं आहे, म्हातारा, मासा आणि समुद्र, बस. पुलंनी त्याचं मराठी केलंय 'एका कोळियाने' नावानं, ते आधी वाचून टाका, मग गोष्ट माहीत असल्यामुळं सगळं लक्ष भाषेकडं देता येतं. फक्त त्यातले मासेमारीचे शब्द पाठ करत बसू नका, तुम्हाला कुठं होडी घेऊन जायचंय. तुरुंगाच्या गोष्टी वरून सोप्या वाटतात पण रशियन लेखक सोल्झेनित्सिनच्या 1962 च्या कादंबरीसारखी कैद्यांच्या छावणीतल्या बोलीनं भरलेली रशियन सुरुवातीलाच घेतली तर डोकं फिरेल.

डिक्शनरीचं काय? सवयीनं प्रत्येक शब्दाला बोट लावू नका, गोष्ट मरते. शब्द पहिल्यांदा आला, सोडा. दुसऱ्यांदा आला, अंदाज करा. तिसऱ्यांदा आला आणि त्याच्यावाचून घोडं अडतंय, तेव्हा बघा. हंगेरीच्या दुभाषी लोम्ब काटो दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले चालू असताना तळघरात बसून रशियन लेखक गोगोलची 'डेड सोल्स' ही कादंबरी वाचत रशियन शिकल्या, न कळलेले शब्द सरळ ओलांडत पुढं जायच्या. पुढं दुभाषीपण आणि अनुवाद मिळून त्यांनी सोळा भाषांत काम केलं.

नुसतं वाचून मात्र बोलता-लिहिता येणार नाही हो. प्रकरण संपलं की पात्राकडं आता काय काय शिल्लक आहे त्याची यादी त्याच भाषेत करा, किती पाणी, कुठली जखम, कशाची भीती. मग 'मी त्याच्या जागी असतो तर' असं तीन-चार वाक्यं मोठ्यानं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. आपलाच आवाज ऐकायला कसंतरी होतं, होऊ दे.

आणि चुका कोण काढणार? इथंच बहुतेक जण परत क्लासकडं वळतात. पण हे करून बघा, एक परिच्छेद घ्या, त्याचं मराठी करा, पुस्तक मिटा, दोन दिवसांनी त्या मराठीवरून परत मूळ भाषेत लिहा आणि पुस्तकाशी ताडून बघा. कुठं अव्यय चुकलं, कुठं काळ चुकला, कुठं लेखकानं तीन शब्दांत सांगितलेलं तुम्ही बारा शब्दांत लिहिलंय, सगळं समोर दिसतं. तुमचं वेगळं आहे म्हणजे चूकच असं नाही, शंका आली तर तशी रचना पुस्तकात आणखी कुठं येते का शोधा. आठवड्यातून एकदा पुरे, रोज केलंत तर वैतागाल.

पंचवीस-तीस पानं झाली तरी गोष्ट पकडत नसेल तर बिनधास्त सोडा, परीक्षा नाहीये ही. पकडली तर दुसरं पुस्तक त्याच लेखकाचं नाहीतर तशाच संकटाचं घ्या, बर्फातलं वाचलं असेल तर परत बर्फातलंच, अर्धेअधिक शब्द आधीच ओळखीचे असल्यानं ते बरंच भराभर सरकेल.