घरच्या प्रार्थनेला कन्नड शेजारी येणार असतील तर

बेळगावजवळच्या खानापुरात आमच्याकडे दर बुधवारी प्रार्थना असते. शास्त्रभाग (बायबलमधला वाचायचा उतारा) शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे ते आपलं बायबल खूण घालून आणतात. मराठीत एक वचन वाचा, थांबा, मग त्यांना कन्नडमधून वाचू द्या. प्रभूची प्रार्थना मात्र एकदमच म्हणा. आपण 'पित्या' म्हणतो, शेजारच्या आजी 'तंदे' म्हणतात, आणि आमेन एकत्रच येतं.

गीताचे कन्नड शब्द देवनागरीत उतरवा. ळ दोन्हीकडे आहेच.

चहाला सीमाप्रश्न निघतो. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, ते दुःख वडिलांनी जन्मभर बाळगलं, मीही लपवत नाही. मोकळेपणी बोला, पण समोरच्याच्या भाषेला नावं ठेवू नका. आवाज चढलाच, तर आधी त्यांचं म्हणणं पुरतं ऐका.