फुलदाणीतील गुलाब कसे टिकवावेत

मावळातील पॉलिहाउसमधून पुण्याच्या फूलबाजारात येणारे लांब दांड्यांचे गुलाब घरी आणल्यावर एक-दोन दिवसांतच मान टाकतात, तेव्हा फुलदाणीत बहुधा पाणी भरपूर असते. ते फुलापर्यंत पोहोचत नाही. दांड्यातील सूक्ष्म नलिकांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात किंवा पाण्यात वाढलेले जिवाणू त्यांची तोंडे बुजवतात. हा मार्ग मोकळा ठेवणे हेच खरे काम आहे.

घेताना कळी बुडाशी हलकेच दाबून पाहावी; ती घट्ट लागली आणि बाहेरच्या पाकळ्या नुकत्या सुटू लागल्या असल्या, तर फूल चांगले उमलते. अगदी मिटलेली कळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती पुष्कळदा न उमलताच सुकते.

घरी येताच दांड्याचे टोक बादलीभर पाण्यात बुडवून, पाण्याखालीच, धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापावे, म्हणजे नलिकांमध्ये हवा शिरत नाही आणि टोक फुलदाणीच्या तळाला चिकटून बसत नाही. बोथट कात्रीने दांडा चेपतो, म्हणून ती टाळावी. पाण्याखाली जाणारी सर्व पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून पाणी लवकर नासते. काटे काढताना मात्र साल सोलू नये.

फुलदाणी साबणाने स्वच्छ घासलेली असावी, आणि याबाबतीत आळस मुळीच परवडत नाही. दर दोन दिवसांनी पाणी पूर्ण बदलून दांड्याचे टोक पुन्हा थोडे कापावे. पाण्यात नुसती साखर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिच्यावर फुलाआधी जिवाणू पोसले जातात. साखर घालायचीच असेल, तर लिटरभर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि जंतुनाशक म्हणून कपड्यांच्या साध्या, सुगंध न घातलेल्या ब्लीचचे काही थेंबच घालावेत.

फुलदाणी ऊन, पंखा आणि पिकत्या फळांपासून दूर असावी. केळी, आंबे यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या लवकर गळतात.

एवढे करूनही एखाद्या फुलाने मान टाकलीच, तर ते कागदात सरळ गुंडाळून, टोक नव्याने कापून, कोमट पाण्यात मानेपर्यंत काही तास उभे ठेवावे. त्यानेही ते सावरले नाही, तर दांडा अगदी आखूड कापून फूल पसरट भांड्यातील पाण्यावर ठेवावे.